पाठीवरची जुनी खूण आणि लाखोरीची भाकरी

डॉक्टरबाईंनी माझ्या गुडघ्याखाली रबराची छोटी हातोडी दुसऱ्यांदा मारली. पाय पहिल्यापेक्षा जोरात उडाला आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाला लागला. मी माफी मागितली. तिकडे त्यांचे लक्ष नव्हते. हातोडी खाटेवर ठेवून त्यांनी विचारले, "तुम्ही रोज जेवता काय?"

माझ्या कमरेच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेला दोन दिवस उरले होते. कमरेच्या दुखण्यात जेवण कुठून आले ते मला कळेना, पण प्रश्न माझ्या आवडीचा होता. मी सविस्तर उत्तर दिले. माझ्या आजाराचे निदान त्या उत्तरातच होते, हे मला उत्तर देऊन झाल्यावर कळले.

ज्यांच्या पाठीवर एकदा टाके पडले आहेत आणि काही वर्षांनी कंबर पुन्हा बोलू लागली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो. जे लाखोरी खातात त्यांच्यासाठीही लिहिले असते, पण त्यांतले बहुतेक वाचत नाहीत. त्यांना तोंडी सांगतो आहे.

पहिली शस्त्रक्रिया आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा मी चांद्याला साधा शिक्षक होतो. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची लोखंडी पेटी उचलताना कमरेत काहीतरी सुटल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवसापासून कमरेतून उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ धावू लागली. खोकलो की धावे, शिंकलो की धावे. मुंबईला एक चुलतभाऊ होता, त्याच्याकडे गेलो. तिथल्या सर्जनने सांगितले की ही स्लिप्ड डिस्क आहे. पाठीच्या दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, गादीसारखी. ती फाटून तिचा गर बाहेर येतो आणि शेजारून जाणारी नस दाबतो. मग लॅमिनेक्टमी झाली, म्हणजे मणक्याची मागची थोडी बाजू काढून, तिथून तो गर उचलला. शुद्धीवर आलो तेव्हा पायातली कळ गेली होती. सर्जन मितभाषी होता. निघताना दोनच वाक्ये बोलला: वजन वाढू देऊ नका, पाठीचे स्नायू कमवा.

पुढची पाच वर्षे मी चांगला होतो. ओणवा होऊन विहिरीचे पाणी ओढले नाही, पेट्या दुसऱ्यांकडून उचलून घेतल्या, आणि कुणी विचारो न विचारो, शस्त्रक्रियेची हकीकत सांगितली.

मग सावली या गावापासून काही कोसांवरच्या एका गावी हेडमास्तर म्हणून बदली झाली. गाव वैनगंगेच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, बसलेले. पलीकडे जंगल सुरू होते. जिल्ह्याने नुकतेच राज्य बदलले होते. कागदांवर आता मुंबई राज्य लिहायचे होते, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा मात्र मध्य प्रदेशातच राहिला होता. गावात सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात. वर्षभरात माझे वजन वाढले. मला सर्जनचे पहिले वाक्य आठवले.

मला वाचनाचा नाद आहे. आहारावरची दोन इंग्रजी पुस्तके मी नागपूरहून मागवली. त्यात लिहिले होते की भात म्हणजे नुसता स्टार्च, म्हणजे पिठूळ भाग. स्नायू बनतात ते प्रोटीनने, आणि ते डाळींत भरपूर. वाचणाऱ्या माणसाची लहान गावात एक अडचण होते. ते पुस्तक दुसऱ्या कुणी वाचलेले नसते, त्यामुळे त्याला कुणी अडवत नाही. मी भात सोडला.

आता डाळ कोणती? तूर बाजारातून आणावी लागे, आणि तुरीने वात वाढतो, असे घरात सगळ्यांचे म्हणणे. गावची डाळ म्हणजे लाखोरी. धान उभे असतानाच बांधीतल्या ओलीत तिचे बी फेकतात. नांगर नको, खत नको, पाऊस नको. उन्हाळ्याच्या तोंडाला पीक तयार. दाणा करडा, कोपऱ्या कोपऱ्यांचा, लहान खड्यासारखा. ताजी, गावची, भरपूर. मी मोठ्या समाधानाने तिची निवड केली. सकाळी लाखोरीच्या पिठाची भाकरी, संध्याकाळीही तीच, वर तिचेच पिठले, मधल्या वेळी उकडलेल्या दाण्यांच्या घुगऱ्या.

माझी पत्नी यशोदा मूल गावची. तिने एक दिवस भाकरीचा तुकडा मोडून पाहिला आणि ताट सरकवले. "तुमी खा," ती म्हणाली. "मले भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाई. तुमचे पुस्तकवाले कंदी धानपट्टीत राह्यले होते का?"

मी तिला प्रोटीन समजावून सांगितले. तिने ते भातासोबत ऐकले.

दिवाळीनंतर शाळेत पालकांची सभा होती. त्यात मी आहारावर बोललो. मागे मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे, सालदार बसले होते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे गडी. मालगुजारी कायद्याने गेली होती, पण मालगुजार गेला नव्हता, आणि त्याच्याकडे गड्यांना मजुरी धान्यात मिळे. मी म्हणालो, लाखोरी ही गरिबाची ताकद आहे. सालदार एकमेकांकडे बघून हसले. मला ते कौतुक वाटले.

माघात पहिली खूण दिसली. सकाळी उठताना कंबर फळीसारखी ताठ. थोडे चाललो की सैल व्हायची. मग पहाटे पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. नंतर पाय जड. वर्गातल्या पाटावरून उठताना टेबलाला धरावे लागे. लघवीची घाई होई. हे लिहायला बरे वाटत नाही, पण हा रोग ओळखायला ते उपयोगी पडते म्हणून लिहितो.

मला लगेच कळले की डिस्क परत आली. इतके लगेच कळायला नको होते. जुने दुखणे धावत असे, हे एका जागी बसून होते. जुन्या वेळी अंगठा बधिर झाला होता, या वेळी पायाला मुंगी चढली तरी कळत होती. जुन्या वेळी एक पाय होता, आता दोन. हे फरक मला दिसत होते. पण एकदा घरात चोर शिरला की पुढची प्रत्येक नाहीशी झालेली वस्तू त्यानेच नेली असे वाटते.

पाठीचे स्नायू कमी पडताहेत असा मी हिशेब केला आणि दुखणे वाढले तशी भाकरीही वाढवली.

होळीच्या सुमारास माझ्या चपलांचे पुढचे टोक झिजून गेले. टाचेचा भाग नवा होता. टाच जमिनीला टेकेनाशी झाली होती. उंबऱ्याला पाय अडकून दोनदा पडलो. दुसऱ्यांदा पडलो तो शाळेच्या वाटेवर, बांधाजवळ, आणि मला उठवायला आला तो मालगुजाराचा सालदार डोमा.

डोमाला मी दोन वर्षे रोज पाहत होतो. चाळिशीचा असेल. हातात बांबूची काठी, गुडघे वाकलेले, एक पाय दुसऱ्याला कात्री घालून पुढे पडे, चवड्यांवर चाले. वारं गेलं, असे गावात म्हणत. मीही तेवढ्यावर समाधान मानले होते. त्याने मला बांधावर बसवले, काठीवर हनुवटी टेकून माझ्या पायांकडे पाहिले.

"गुरुजी, तुमचं चालणं माह्यासारखं होऊन राह्यलं."

मी त्याला सांगितले की माझे दुखणे वेगळे आहे, पाठीचे आहे, मुंबईला शस्त्रक्रिया झालेली आहे.

"मले बी पयले कंबरच धरली होती," डोमा म्हणाला. "मंग पाय."

मी धोतर झटकले आणि निघालो. माझ्या दुखण्याला इंग्रजी नाव होते. त्याच्या दुखण्याला नव्हते. दोन्ही एक कशी असतील?

चैत्रात रजा घेतली. बैलगाडीने सावली, तिथून मोटारीने मूल, आणि मूलहून छोट्या गाडीने नागभीडवरून नागपूर. ही गाडी इतकी सावकाश जाते की उतरून लघवी करून परत चढता येते. त्या दिवसांत मला हे सोयीचे होते, फक्त चढणे जमत नव्हते. यशोदा सोबत होती. तिने वाटेसाठी तिच्यापुरता दहीभात घेतला होता आणि माझ्यासाठी लाखोरीच्या चार भाकऱ्या.

इस्पितळाचे नाव सांगत नाही. त्यांनी अखेर माझे भलेच केले. बाहेरच्या बाकावर पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी एक्स-रे. तिसऱ्या दिवशी दाखल झालो आणि मोठ्या सर्जनची फेरी पाहिली. त्यांच्यामागे मेट्रन, तीन सहाय्यक, फोटोंचे पाकीट धरणारा एक, आणि एक जण नुसता दार उघडायला. दार उघडेच असे. तो आधी जाऊन ते लावून घेई.

त्यांनी पाठीवरची खूण बोटाने दाबली, एक्स-रे खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "जुनीच जागा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मला जे ऐकायचे होते तेच ते बोलले होते.

चौथ्या दिवशी मायलोग्राम झाला. यात कमरेतून सुई घालून मणक्याच्या पोकळीत एक जड तेलकट द्रव सोडतात. तो एक्स-रेत दिसतो. मग टेबल कधी डोक्याकडे, कधी पायांकडे कलते करून द्रव कुठे अडतो ते पाहतात. सुईपेक्षा टेबलाची भीती वाटते. घसरू नये म्हणून खांद्याला पट्टे असतात, ते आवळायला सांगा. पुढचे दोन दिवस डोके उचलले की ठणके. सपाट पडून राहिलात तर कमी होते. जुन्या जागी द्रवाला किंचित खाच पडली होती. शस्त्रक्रियेनंतर तिथे जाड व्रण होतोच, त्याचीही तशी खाच पडते, हे मला नंतर कळले. त्या वेळी सर्जन म्हणाले, "गुरुवारी उघडू."

मी विचारले, चालता येईल का.

"न उघडता तर नक्कीच नाही," ते म्हणाले, आणि दार उघडले गेले.

त्या संध्याकाळी यशोदा खाटेजवळच्या स्टुलावर बसून होती.  मग तिने विचारले की पाय गेलेच तर सरकार हेडमास्तर ठेवते का. मी म्हणालो, खुर्चीवर बसून शिकवता येते. ती म्हणाली की खुर्चीपर्यंत कोण नेईल.  गुरुवारकडे मी आशेने बघत होतो, आणि भीतीनेही. एकदा पाठ उघडली ती बरी झाली, दुसऱ्यांदा उघडली तर काय, हे मुंबईच्या सर्जनने मला सांगितले नव्हते.

मंगळवारी सकाळी डॉक्टरबाई आल्या. त्या फिजिशियन, म्हणजे चिरफाड न करणाऱ्या डॉक्टर. भूल देण्याआधी छाती तपासावी एवढ्याच कामासाठी त्यांना बोलावले होते. पन्नाशीच्या, ठेंगण्या, एकट्या आल्या. दार त्यांनी स्वतः ढकलले. छाती तपासून झाली. जाता जाता त्यांचे लक्ष पलंगाखालच्या चपलांकडे गेले. त्यांनी एक चप्पल उचलून उलटीपालटी केली. मग मला उभे केले, चालवले, वळवले, परत निजवले आणि हातोडी काढली.

पुढचे वर सांगितलेच आहे. मी भात सोडल्यापासूनची सगळी हकीकत सांगितली, प्रोटीनसकट. त्या मध्ये बोलल्या नाहीत. मी थांबल्यावर त्यांनी यशोदेला विचारले, "तुम्हीही हेच खाता?"

"नाई जी. मी भात खातो," यशोदा म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'खातो' म्हणतात.

"चांगलं करता."

मग त्या स्टुलावर बसल्या आणि मला समजावले. मेंदूपासून पाठीतून खाली येणारी जी जाड दोरी, म्हणजे स्पायनल कॉर्ड, ती कमरेच्या वरच संपते. खाली फक्त नसांचा झुपका असतो. डिस्क कमरेत सरकली तर हा झुपका दाबला जातो, पाय ढिला पडतो आणि हातोडीला नीट उत्तर देत नाही. माझा पाय नको इतके उत्तर देत होता. घोट्याशी पाऊल वर ढकलून धरले की ते आपोआप थडथड उडत राही. तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर जाई. बिघाड दोरीतच होता, कमरेच्या वर.

"खालची जागा उघडून काय मिळणार?" त्या म्हणाल्या. "मी काही वर्षे मध्य प्रदेशात, रीवाकडे होते. तिथे असे पाय खेडोपाडी दिसायचे. तिकडे खेसारी म्हणतात, तुमच्याकडे लाखोरी. तुमच्या गावात असे चालणारे आणखी कुणी आहे?"

नाही, असे म्हणायला मी तोंड उघडले होते. मग डोमा आठवला. डोमा सांगितल्यावर मालगुजाराचा गुराखी आठवला. मग पाणी भरणारा, मग नदीकडच्या वाडीवरचा एक, जो आता खाटेवरून उठत नाही. मोजता मोजता चार झाले. चौघेही एकाच घरचे गडी. सभेत मागे बसून हसले होते त्यांतले तीन.

या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. ही डाळ थोडीथोडकी, भातासोबत, अधूनमधून खाल्ली तर सहसा काही होत नाही. मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ली तर पाय ताठ होत जातात. दाण्यातले नेमके काय बाधते ते अजून कुणाला सापडलेले नाही, असे त्या म्हणाल्या. औषध नाही. डाळ सोडली की बहुधा वाढायचे थांबते. गेलेले सहसा परत येत नाही.

अर्थात नुसत्या हातोडीवर कुणी शस्त्रक्रिया थांबवत नाही. पाठीच्या वरच्या मणक्यांचे एक्स-रे झाले, क्षयाने मणके खचून दोरी दाबली गेली नाही ना हे बघायला. मायलोग्रामचे वरचे फोटो पुन्हा पाहिले, द्रव कुठे अडला नव्हता. रक्ताची एक अशीही तपासणी झाली, जिचे नाव हेडमास्तराने छापू नये. ती निर्दोष निघाल्याचे यशोदेला मी स्वतःहून सांगितले.

माझ्या कागदांत एका सहाय्यकाने पहिल्याच दिवशी 'रिफ्लेक्स वाढलेले' असे लिहून ठेवले होते. ते दुसऱ्या पानावर होते. पहिल्या पानावर मुंबईच्या शस्त्रक्रियेची हकीकत होती, आणि ती मी इतकी पटेल अशी सांगितली होती की दुसरे पान कुणी उलटले नाही. दोष द्यायचा तर त्या पानाचा लेखक मीच.

बुधवारच्या फेरीत सर्जन माझ्या खाटेशी थांबले. "गुरुवार रद्द," ते म्हणाले.  मग म्हणाले, "डाळ सोडा हो." मागच्या सगळ्यांनी माना हलवल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. सुरी टळली होती. पण डिस्क असती तर निदान उघडून काढता आली असती. हे तर मी स्वतः दिवसातून तीन वेळा आवडीने आत घातले होते. डॉक्टरबाईंना विचारले की किती चालता येईल. त्या म्हणाल्या, आज जितके चालता तितके, थोडे कमी किंवा थोडे जास्त. काठी लागेल. पोटऱ्यांचे ताण रोज द्यायचे, भिंतीला हात टेकून, टाच जमिनीकडे दाबत.

मग मी गावातल्या बाकीच्यांबद्दल विचारले. ज्यांची टाच अजून टेकते त्यांना वाचवता येईल, असे त्या म्हणाल्या. डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिले तर बाधा कमी होते असे काही लोक म्हणतात, पण त्याची हमी त्या देणार नाहीत. कंबर धरल्याची तक्रार असेल तर थांबू नका. सरळ चालवा, एकदम थांबवा, वळवा आणि टाचेकडे बघा.

गावी परतल्यावर मी आधी डोमाकडे गेलो. तो झोपडीपुढे बसून दोर वळत होता. त्याची बायको भागाबाई लाखोरी दळत होती. तिचे वय तिशीच्या वरचे, रोवणी-कापणीला मालगुजाराकडेच जायची. मी सगळे सांगितले. जात्याची घरघर थांबली.

डोमाने हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "माहा बाप बी असाच गेला. आमी म्हनलो, घराण्यातच हाय." आणि थोड्या वेळाने, "मंग खावं काय जी? मालक तेच देते."

ते पुस्तकात नव्हते. मी भात सोडून लाखोरी धरली होती, ती हौस होती. त्याच्या घरात भात हा सणाचा पदार्थ होता.

"माहे पाय तं गेले," डोमा म्हणाला. "भागीचे हायेत अजून. पन तिची बी कंबर धरते, दोन महिने झाले."

भागाबाई जात्यावरून म्हणाली की रोवण्यात ओणवं राहून कोणाची धरत नाही. पण तिने खुंटा पुन्हा हातात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालगुजाराकडे गेलो. तो शाळा समितीचा अध्यक्ष होता, माझ्याशी अदबीने बोले. मला गादीवर बसवले. मी मुद्दा मांडला: डोमाच्या घरची मजुरी लाखोरीऐवजी धानात द्यावी. तो हसला. म्हणाला, लाखोरी तर आमच्या बैलांना घालतो, बैल काय लंगडतात? मी म्हणालो, बैलांना तणस असते, भाताचा पेंढा, ते लाखोरीवरच जगत नाहीत. तो म्हणाला, गुरुजी, तुमचे दुखणे पाठीचे, शिकलेल्या माणसाचे. गड्यांचे वारे वेगळे.

बोलणे संपले म्हणून मी उठायला गेलो आणि उठता आले नाही. गादी खाली होती. मी पुढे झुकलो, हात टेकले, गुडघे एकमेकांवर चढले. दोन गड्यांनी काखेत हात घालून उभे केले. मी दारापर्यंत चवड्यांवर, एक पाय दुसऱ्यापुढे कात्री टाकत गेलो. मुद्दाम काही केले नाही. मुद्दाम करण्यासारखे माझ्याजवळ काही उरलेच नव्हते.

मागून मालगुजार म्हणाला, "हे तं डोमाचं चालनं हाय."

"होय," मी म्हणालो. "आणि जेवणही डोमाचंच होतं."

तो माझ्या पायांकडे पाहत दारापर्यंत आला. डोमा त्याच्या अंगणात वीस वर्षे तसा चालत होता. दिवाणजीला बोलावून त्याने डोमाच्या घराला या हंगामापासून धान द्यायला सांगितले. बाकीच्यांचे पुढे पाहू, म्हणाला. ते पुढे अजून आलेले नाही. मी दर पंधरवड्याला जाऊन त्याच गादीवर बसतो.

या गोष्टीला वर्ष झाले. परवा नागपूरला जाऊन आलो. डॉक्टरबाईंनी हातोडी मारली, पाय उडाला. गेल्या वेळेइतकाच, त्या म्हणाल्या, आणि वहीत तसे लिहिले. मी शाळेत काठीने जातो. उशीर होऊ नये म्हणून अर्धा तास आधी निघतो. बांध ओलांडायचे मला डोमाने शिकवले. पायाकडे पाहिले की पाय अडतो, समोर पाहायचे. तो या विषयात मला ज्येष्ठ आहे आणि ते त्याच्या लक्षात आहे. घरात भात शिजतो, मी जेवतो. यशोदेने पुस्तकांबद्दल एक शब्दही काढलेला नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. डॉक्टरबाईंचे ऋण तर सांगायलाच नको. त्यांनी माझ्या पाठीआधी माझी चप्पल पाहिली.

तुमच्या पाठीवर जुनी खूण असेल तर डॉक्टरला ती दाखवा, पण तिची हकीकत शेवटी सांगा. आधी नवे काय होते आहे ते सांगा. आणि काय जेवता, ते विचारले नाही तरी सांगा.

नागपूरहून आलो त्याच दिवशी डोमाच्या अंगणात भागाबाईला चालायला लावले. दर महिन्याला लावतो. ती डोईवर धानाची टोपली घेऊन निघायच्या घाईत होती. अंगणाच्या टोकापर्यंत गेली, मी थांब म्हटल्यावर थांबली, वळली. मी काठीवर वाकून तिच्या पावलांकडे बघितले. टाच पुरी टेकली. आणखी एकदा चाल, असे मी सांगितले. ती चालली. डावी टेकली, उजवी टेकली. मी तिसऱ्यांदा सांगणार तोच डोमा ओट्यावरून म्हणाला, "बस झालं जी गुरुजी. तिले कामाले जाऊ द्या."